थोरली फिकी पडते तेव्हा

पावसानं ओढ दिली की आमच्या गल्लीतले लोक शिवगंगाअक्काच्या दारात येत. महादेवाला सांगा म्हणत. अक्का उंबऱ्यात ज्वारी निवडत बसलेली असे. मान वर न करता म्हणायची, "बाबांनो, मी कधीच पाऊस मागितला न्हाई. मी उघाड मागितली होती." कुणी ऐकायचं नाही. नारळ ठेवून, हात जोडून लोक निघून जात आणि त्या नारळांची चटणी पुढं आठवडाभर मला खावी लागे. मी तिची भाडेकरू. एक खोली, दोघींत एक नळ, एवढ्यावर माझी उदगिरातली सगळी नोकरी निघाली.

ही बाई पाऊसवाली कशी झाली ते सांगायचं तर तिच्या वडलांपासून सुरुवात करावी लागते, आणि त्यांचं सांगायला बसलं की मला अजून राग येतो.

गुरुबसप्पा मास्तर निजामाच्या काळात हैदराबादला एका वेधशाळेत मदतनीस होते. पोलिस ॲक्शननंतर ते गावी परतले आणि शाळेत मास्तर झाले. येताना त्यांनी दुर्बीण आणली नाही, पैसा आणला नाही. आणलं ते तिथल्या साहेबांनी डोक्यात भरवलेलं एका ताऱ्याचं वेड. हिवाळ्यात संध्याकाळी ईशान्येला ब्रह्महृदय नावाचा ठळक तारा उगवतो. त्याच्या शेजारी तीन बारीक तारे आहेत. मास्तर त्यांना तिघी जावा म्हणत. थोरली, मधली आणि धाकटी. एरवी थोरली सगळ्यांत उजळ. पण दर सत्तावीस वर्षांनी तिच्यापुढं काहीतरी काळं येऊन उभं राहतं आणि ती जवळजवळ दोन वर्षं मधलीपेक्षाही फिकी पडते. हे बघायला दुर्बीण लागत नाही, माणसाचे डोळे पुरतात.

ते काळं म्हणजे धुळीची मोठी चकती असावी, असा साहेबांचा कयास होता. चकतीच्या मधोमध भोक असेल, तर ग्रहणाच्या ऐन मध्यावर थोरली थोडी उजळेल. आणि भोक असेल तर तिथली धूळ कुणीतरी गोळा केलेली असणार. ती गोळा करून तिथं नवे ग्रह तयार होत असणार. साहेब थकले तेव्हा त्यांनी हे मास्तरांच्या गळ्यात घातलं. म्हणजे आमच्या मास्तरांना दूरचे ग्रह शोधायचे होते. उदगिरातल्या घराच्या मातीच्या छतावर, माळवदावर बसून.

अक्का बारा वर्षांची होती तेव्हा पंचावन्न साली थोरली फिकी पडू लागली. मास्तरांनी पोरीला हाताशी धरलं. लिंगायतांच्या घरात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्यावर नजर ठरवतात. ती सवय अक्काला होतीच. तसंच ताऱ्याकडं बघायचं, मास्तरांनी शिकवलं. एकदाच बघायचं. पहिलं जे वाटलं ते त्याच क्षणी मोठ्यानं बोलायचं. बोललेलं मागं घ्यायचं नाही. आपल्याला काय दिसावंसं वाटतं ते मनात आणायचं नाही, आलंच तर ते आधी बोलून टाकायचं, म्हणजे नजरेत शिरत नाही. रोज दिवेलागणीला ही पोर माळवदावरून ओरडायची, "थोरली फिकीच हाय!" समोरच्या घरातली थोरली सून यावरून चार महिने मास्तरांच्या घराशी बोलत नव्हती.

ग्रहणाचा मध्य छप्पन साली आषाढात आला. आषाढात तिघी जावा पहाटे उगवतात, आणि आषाढात आमच्याकडं आभाळ भरलेलं असतं. मास्तर महिनाभर पहाटे छत्री घेऊन माळवदावर बसले. ढगांशिवाय काही दिसलं नाही. त्याच वर्षी उदगीर बीदर जिल्ह्यातून उस्मानाबाद जिल्ह्यात गेलं. मास्तरांना ते कुणीतरी संक्रांतीला सांगितलं तेव्हा कळलं म्हणतात.

पुढं अक्काच्या लग्नाचं निघालं. निलंग्याचा मुलगा बघायला आला. मास्तर त्याला जेवणाआधी माळवदावर घेऊन गेले आणि तिघींत ठळक कोण म्हणून विचारलं. तो बिचारा म्हणाला, तिन्ही सारख्याच. मास्तर खाली येऊन म्हणाले, जमायचं नाही. असे दोन-तीन झाले, मग येणारे थांबले. आई वारली, अक्काला मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि लग्न राहून गेलं ते गेलंच. तिला वाईट वाटलं का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "त्या निलंगेकराचे डोळे बरे होते गं. भुकेला होता तो."

मास्तर गेले एक्क्याऐंशीच्या श्रावणात. थोरली पुन्हा फिकी पडायला एक वर्ष उरलं होतं. जाताना त्यांनी लेकीला जवळ बोलावून दोनच शब्द सांगितले, "मधलं बघ." जन्मभर चाकरी केलेल्या लेकीला बापानं देऊन काय दिलं, तर हा ग्रहणाचा मध्य. मी त्या घरात तेव्हा नव्हते ते बरंच झालं, नाहीतर मेल्या माणसाशी भांडले असते.

मी आले ब्याऐंशीच्या जूनमध्ये, बिलोलीकडून मुलींच्या शाळेत बाई म्हणून बदली होऊन. खोल्या बघत हिंडले. आडनाव विचारलं की खोली कालच दिलेली असायची. आम्ही बौद्ध, हे आडनावावरून कळतं. अक्कानं आडनाव विचारलं नाही. म्हणाली, "नळाला पाणी पहाटं येतंय. उठशील का?" मी हो म्हणाले. समोर राहणारे आडत दुकानदार मलप्पा दुसऱ्याच दिवशी तिला समजवायला आले. अक्का त्यांना म्हणाली, "तुमच्या घरात ठिवा म्हणले का मी?" मलप्पा परत गेले, पण विसरले नाहीत.

त्याच ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. पावसाचा पत्ता नव्हता आणि आम्ही पोरींना उन्हातून मिरवणुकीत चालवत नेलं. गुलाल, बँड, पेढे. जिल्हा जवळ आला, आता पाणी पण येईल, असं जो तो म्हणत होता. आधी एका सहीसाठी उस्मानाबादला जावं लागे. आता लातूरला गेलं की कळायचं, कागद उस्मानाबादलाच राहिलाय. पहाटे एकदा माळवदावरून उतरताना अक्का म्हणाली, "थोरली फिकी पडू लागली. बघ, ती फिकी पडली की आपला जिल्हा बदलतोय. मागं बी असंच झालतं." मी खूप हसले. त्या वर्षात परत हसल्याचं मला आठवत नाही.

ते वर्ष नुसतं दमण्याचं होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढं. शाळा सुटली की आम्हा बायांना टँकरजवळ रांग लावायच्या कामाला उभं करत. बायका आम्हाला शिव्या देत आणि त्यांचं बरोबर होतं. घरी आलं की पायांची आग व्हायची. अक्का मात्र दिवेलागण झाली की माळवदावर. मी खालून ओरडायची, "प्यायला पाणी न्हाई अन् तुमच्या अप्पाला दुसरी पृथ्वी पायजे!" वरून उत्तर यायचं, "तिथं तरी पाऊस पडत असंल गं."

त्र्याऐंशीचा मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. आषाढ लागला तरी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. आणि ग्रहणाचा मध्य आला होता. बापाला जे छत्रीखाली बसून मिळालं नाही, ते लेकीला मिळायची वेळ आली होती, कारण पाऊस नव्हता. एका पहाटे आम्ही दोघी नळाशी रिकाम्या घागरी घेऊन बसलो होतो. अक्का म्हणाली, "पंचशीला, आभाळ असंच ऱ्हावं वाटून राहिलं मला. अजून आठ दिवस तरी. लई वाईट हाय का मी?"

माझे हात दुखत होते, डोळ्यांत झोप होती. मी म्हणाले, "हाव. लई वाईट हाय तुमी."

तिनं मान हलवली. माझा तिला राग आला नाही, तिला ते पटलं होतं.

त्याच आठवड्यात गल्लीनं महादेव कोंडायचं ठरवलं. पाऊस अडला की गाभारा पाण्यानं भरायचा, पिंडी बुडवायची आणि दार लावून घ्यायचं. महादेवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो. दर घरातून एक घागर. आमच्या गल्लीची रीत अशी की घरातल्या थोरल्या बाईनं स्वतः पाणी ओतायचं आणि आपलं मागणं मोठ्यानं बोलायचं, कारण पाण्याखालच्या देवाला हळू बोललेलं ऐकू जात नाही. मी देवळात जात नाही. रस्त्यावर उभी राहून बघत होते आणि संतापत होते. पोरांना अंघोळी नाहीत आणि घागरीमागून घागर दगडावर चालली होती.

अक्काची पाळी आली. आधीच्या सगळ्या बायका पाऊस दे, पाऊस दे म्हणून बाजूला झाल्या होत्या. अक्कानं घागर उचलली आणि तशीच उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती. मग ती मोठ्यानं, माळवदावरून बोलायची त्याच आवाजात बोलली, "महादेवा, पाऊस तर पायजेच. पर मला आठ दिवस उघाड दे. मला अप्पाचं मधलं बघायचं हाय. खोटं बोलायला मला येत न्हाई."

आणि पाणी ओतलं.

असा चुकीचा खरेपणा फक्त त्या घरातलंच माणूस करू शकलं असतं. मनात दुसरं असताना पाऊस दे म्हणणाऱ्या बायका तिथं आणखीही असतील. कुणाच्या घराचं छप्पर उतरवलेलं होतं, कुणाची भिंत अर्धी होती. पण हिला लहानपणापासून शिकवलेलं की मनातलं आधी बोलून टाकायचं.

मलप्पा ओरडले, "अक्का, काय बोलून राहिलात! डोकं ठिकाणावर हाय का?" बायकांनी तोंडं फिरवली. गाभाऱ्याचं दार लागलं.

पुढं आठ दिवस एक ढग आला नाही. टँकरच्या रांगेत अक्काची घागर मागं सरकवली जाऊ लागली. मग माझीही. ती खाली असली तर कुणी बोलायचं नाही आणि ती माळवदावर असली तर गल्लीभर तिच्याबद्दलच बोलणं. मी दोघींच्या घागरी घेऊन रांगेत भांडायची. वर ती ईशान्येकडं तोंड करून, डावा तळहात मांडीवर उघडा ठेवून बसलेली असायची. त्या आठ पहाटांत मात्र ती मोठ्यानं काहीच बोलली नाही. गल्ली ऐकून राहिलीय हे तिला माहीत होतं. खाली आली की मी विचारायची, दिसलं का? ती म्हणायची, "भाकरी टाकू का तुला?"

आणि नवव्या दिवशी पाऊस आला. असा आला की माळवद गळायला लागलं. पोरं रस्त्यावर नाचली. गाभाऱ्याचं दार उघडलं, मलप्पांनी गूळ वाटला. अक्कानं कोपऱ्यातली वडलांची छत्री घेतली आणि ती भर पावसात गावाबाहेर त्यांच्या समाधीकडं गेली. परत आली ती ओलीचिंब, छत्री असून. मी विचारलं, "काय सांगितलं अप्पांना?"

"जे होतं ते."

"मला सांगा की."

"तुला कशाला?"

यावर आमचं भांडण झालं. आठ दिवस तिच्यासाठी रांगेत शिव्या खाल्लेल्या मी, आणि मला कशाला? पण ती बोलली नाही ती नाहीच. मी मनात धरलं की तिला थोरली उजळलेली दिसली असणार आणि ते सुख तिला एकटीला ठेवायचंय. ठेवू दे म्हटलं.

गल्लीनं मात्र दुसराच हिशेब लावला. अक्कानं आठ दिवस मागितले आणि महादेवानं बरोबर आठच दिवस धरून ठेवलं. म्हणजे महादेव अक्काचं ऐकतो. ज्यांनी तिची घागर मागं सारली तेच नारळ घेऊन दारात आले, मलप्पा सगळ्यांच्या पुढं. तेव्हापासून ती पाऊसवाली. जिला सगळ्या जगात एकच गोष्ट बघायची होती, तिच्या दारात लोक भलत्याच कामासाठी उभे राहू लागले. दर दुष्काळाला तेच. ती समजावून थकली, मी ऐकून थकले.

वर्षं अशीच गेली. दोघी निवृत्त झालो. मी आणखी कुठं जाणार होते? अक्काला मोतीबिंदू झाला, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याला डॉक्टर हात लावेनात. आणि दोन हजार नऊ साली थोरली पुन्हा फिकी पडू लागली. मी बघून सांगायची, ती ऐकायची. गावात तेव्हा उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणून बंद आणि मोर्चे चालले होते. मलप्पा काठी टेकत आले आणि म्हणाले, "अक्का, तारा फिका पडलाय म्हणं. मग होतोय का औंदा जिल्हा?" जिल्हा काही झाला नाही. पाऊस मात्र गेला. तसाच कोरडा मृग, तशाच घागरी, आणि पुन्हा महादेव कोंडायचं ठरलं.

मी अक्काला बजावलं. मध्य पुढच्या पावसाळ्यात आहे, काय मागायचं ते औंदापुरतं मागा. तिला देवळापर्यंत हात धरून मीच नेलं, पायरीशी थांबले. आतून आवाज आला, "महादेवा, औंदा पाऊस दे. अन् पुढच्या साली बी भरपूर दे."

मी तिला हात धरून घरी आणलं. मग सगळं बाहेर पडलं. तुमचा महादेव ऐकतो की नाही मला माहीत नाही, पण पुढच्या सालाचं कुणी विचारलं होतं? सत्तावीस वर्षं कशासाठी थांबलात?

ती खाटेवर बसली. "ऐकतोय का न्हाई मला तरी काय ठावं. मागायचं तर खरं मागावं. लोक दमलेत गं. मी बी दमले. आभाळ मोकळं ऱ्हावं असं आता वाटंना मला."

दोन हजार दहाचा पावसाळा चांगला झाला. विहिरी भरल्या, गल्लीत चिखल झाला, लोकांनी नारळ आणले. अक्का रोज पहाटे मला उठवायची. गुडघे धरत आम्ही दोघी वर चढायचो आणि तिच्या वडलांच्या छत्रीखाली बसायचो. ढग. रोज ढग. मी वैतागून म्हणायची, कशाला हा ताप? ती म्हणायची, अप्पा बसले होते.

आणि एका पहाटे ईशान्येला ढग फाटले. जेमतेम चादरीएवढी फट. तीत ब्रह्महृदय, आणि शेजारी तिघी.

"उघडलं, अक्का."

तिनं माझं मनगट धरलं. तिचं तोंड त्या दिशेला होतं, पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं. "बघ," म्हणाली. "एकदाच बघ. थोरली कशी हाय?"

मी बघितलं. मला थोरली उजळ दिसायला हवी होती. आयुष्यात इतकं दुसरं काही हवं होतं असं मला वाटत नाही. ती म्हातारी, तिचा बाप, त्याचे ते साहेब, सगळे जन्मभर या एका गोष्टीवर बसून होते. मी उजळ म्हणाले असते तर कोण तपासणार होतं? पुढचा मध्य येईल तेव्हा आम्ही दोघी नसू. शब्द ओठांवर आला होता.

"मला ती उजळ दिसावी असं लई वाटून राहिलं, अक्का," मी म्हणाले. "पर फिकीच हाय. धाकटीएवढीच."

माझं मनगट धरलेला हात ढिला झाला. ढग मिटले. मला रडू आलं आणि तिचा राग पण आला, की असलं काही हिनं मला बोलायला लावलं.

मग ती बोलली, "अप्पाच्या समाधीवर मी हेच सांगितलं होतं. आठ दिवस बघितलं, एकदा बी उजळली न्हाई. पावसात उभी राहून सांगितलं. लई जीवावर आलतं गं. तवापासनं वाटायचं, माझाच डोळा चुकला. आभाळ मोकळं मागून घेतलं, लोकांचं पाणी अडवलं, अन् बघताना मीच चुकले."

"म्हणून मला सांगितलं न्हाई?"

"तुला सांगितलं असतं तर आज तुझ्या नजरेत ते शिरलं असतं."

सत्तावीस वर्षं. पाऊस बारीक सुरू झाला होता. ती भिंतीला धरून उठली आणि जिन्याकडं पाय चाचपू लागली.

"चल," म्हणाली, "अप्पाला सांगून येऊ. दोघींना बी दिसलं न्हाई म्हणून."

मी छत्री उघडली आणि तिचा हात धरला.